डेन्मार्कमध्ये मोठेपणी शिकायचं तर कुठे जायचं?

डेन्मार्कची लोकसंख्या सुमारे ६० लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. पण नोकरी, संसार, मुलंबाळं सांभाळत शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी इथे इतक्या प्रकारच्या संस्था आहेत की नवा माणूस चक्रावतो. प्रत्येकीचं नाव लांबलचक, प्रत्येकीचा कायदा वेगळा, आणि फी कोणाला किती हेही वेगळं. हा लेख नोकरीच्या परवान्यावर इथे आलेल्यांसाठी आणि मुख्यतः त्यांच्याबरोबर आलेल्या जोडीदारांसाठी आहे. पदवी आहे, तिकडे चार-पाच वर्षं नोकरीही केली आहे, आणि इथे येऊन 'आता पुढे काय?' म्हणत खिडकीतून पाऊस बघत बसलेली बरीच माणसं आपल्यात असतात.

आपल्याकडची सवय अशी की शिकायचं म्हटलं की आधी विद्यापीठ आणि त्यात मास्टर्स शोधायचं. इथे त्या सवयीने सुरुवात केली तर वर्ष वाया जाऊ शकतं. डेन्मार्कमध्ये मोठ्यांचं शिक्षण हेतूप्रमाणे वाटलेलं आहे: भाषेसाठी एक दार, राहिलेल्या शालेय विषयांसाठी दुसरं, हातातल्या कामासाठी तिसरं, आणि निव्वळ आवडीसाठी चौथं. आपल्याला नेमकं काय हवं आहे ते एका ओळीत लिहून काढा आणि मगच पुढे वाचा.

आधी कागद

सीपीआर क्रमांक म्हणजे इथला नागरी नोंदणी क्रमांक. तो मिळाल्याशिवाय कुठलीच संस्था तुमची नोंद पुढे नेणार नाही. कोपनहेगन, ऑरहूस, ओडेन्स आणि ऑल्बोर्ग या शहरांत परदेशी नोकरदारांसाठी इंटरनॅशनल सिटिझन सर्व्हिस नावाची एकत्रित कचेरी आहे. इतरत्र आपल्या कोमूनच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, नागरिक सेवा केंद्रात जायचं. देशात अशा ९८ कोमून आहेत आणि शिक्षणाचे बरेच निर्णय त्यांच्याच हातात असतात.

सीपीआरनंतर लगेच मितआयडी काढा. ही डिजिटल ओळख नसेल तर अर्ज भरता येत नाही आणि सरकारी डिजिटल टपालपेटीही उघडत नाही. भाषेच्या वर्गाचं पत्र, प्रवेशाचं पत्र, मुदतीची सूचना सगळं त्याच पेटीत येऊन पडतं. कोणी फोन करून सांगत नाही. दर आठवड्याला पेटी उघडून बघायची सवय लावून घ्या, मजकूर डॅनिशमध्ये असला तरी.

परवान्याबद्दल एक गोष्ट. नोकरीच्या परवान्यावर आलेल्या माणसाच्या जोडीदाराला साधारणपणे इथे नोकरी आणि शिक्षण दोन्ही करता येतं. ज्याचा परवाना एका विशिष्ट नोकरीशी बांधलेला आहे त्याने मात्र पगारी उमेदवारी असलेला कोर्स घेण्याआधी 'सिरी' या परवाने देणाऱ्या खात्याला लेखी विचारावं, कारण उमेदवारी ही कायद्याच्या नजरेत नोकरीच असते.

घरात लहान मूल असेल तर पाळणाघराचा अर्जही याच आठवड्यात करून टाका. भाषेचे दिवसाचे वर्ग कितीही सोयीचे असले तरी मूल कुठे ठेवायचं हे ठरल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही.

पहिलं दार: भाषा

'ऑफिसात सगळे इंग्रजीच बोलतात' हे वाक्य तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकायला मिळेल. ऑफिसापुरतं ते खरंही आहे. पण त्या ऑफिसात शिरण्यासाठी, जेवणाच्या टेबलावर गप्पांत सामील होण्यासाठी आणि या लेखात पुढे येणाऱ्या बहुतेक सगळ्या संस्थांत प्रवेश घेण्यासाठी डॅनिश लागते. म्हणून माझं मत ठाम आहे: पहिले सहा महिने दुसरा कुठलाही कोर्स शोधू नका, भाषा धरा.

सरकारमान्य भाषाशाळेला स्प्रोगसेंटर म्हणतात. कोपनहेगनमधली स्टूडिएस्कोलेन हे त्यातलं जुनं आणि माहितीचं नाव. इतर शहरांत कोमूननेच ठरवून दिलेली केंद्रं असतात. १८ वर्षांवरच्या, सीपीआर असलेल्या नवागताला कोमूनतर्फे हे शिक्षण मिळतं. स्वतःच्या उत्पन्नावर जगणाऱ्यांना, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना, ५ वर्षांच्या आत एकूण साडेतीन वर्षांचं शिक्षण घेता येतं. वर्गाची फी नाही, पण सुरुवातीला सुमारे २,००० क्रोनर अनामत भरावी लागते. आकडा दरवर्षी थोडा सरकतो, तेव्हा केंद्राकडून ताजा घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ५ वर्षांचं हे घड्याळ तुम्ही वर्गात बसा न बसा, चालूच राहतं. 'मूल जरा मोठं होऊ दे, मग बघू' म्हणून तीन वर्षं थांबलेल्यांच्या हातात मग फार थोडा वेळ उरतो.

शिक्षणाचे तीन मार्ग आहेत. पहिला, मातृभाषेतही लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी. दुसरा, थोडं शालेय शिक्षण झालेल्यांसाठी. तिसरा, बारावी-पदवी झालेल्यांसाठी. केंद्रावर प्रवेशाआधी मुलाखत होते आणि त्यात तुमचा मार्ग ठरतो. पदवीधरांना तिसराच मिळतो. प्रत्येक मार्गात सहा टप्पे असतात आणि टप्पा मुदतीत पार करायचा असतो. तिसऱ्या मार्गाचे पाच टप्पे झाले की 'प्रोव्ह इ डान्स्क ३' ही परीक्षा देता येते. ती युरोपीय मोजपट्टीवर बी२च्या आसपास येते. सहावा टप्पा 'स्टूडिएप्रोव्हेन'चा, म्हणजे विद्यापीठात डॅनिशमधून शिकण्याच्या तयारीचा. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, मे-जूनमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये.

कायम वास्तव्यासाठी किमान दुसऱ्या पातळीची परीक्षा लागते आणि नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे तिसरी. म्हणजे भाषेचा हा कागद पुढे दोन-तीन ठिकाणी कामाला येतो.

वर्ग निवडताना संध्याकाळचे की दिवसाचे, प्रत्यक्ष की ऑनलाइन, असे पर्याय असतात. जोडीदार घरी असेल तर दिवसाचा, प्रत्यक्ष वर्गच घ्या. ऑनलाइन वर्गात व्याकरण येतं, पण कान तयार होत नाहीत. डॅनिश वाचायला जेवढी सोपी तेवढीच ऐकायला अवघड. लिहिलेल्यातली निम्मी अक्षरं बोलताना गिळली जातात. बेकरीत पाव घेताना दुकानदाराने इंग्रजीत उत्तर दिलं तरी आपण डॅनिशच रेटायची. वर्गाबाहेर सरावासाठी सार्वजनिक वाचनालयांत भाषा-कट्टे भरतात, स्वयंसेवक चहा-कॉफीबरोबर तास-दोन तास गप्पा मारतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. ऑरहूसमध्ये असाल तर बंदरावरचं डोक्क वन हे प्रचंड वाचनालय यासाठी आधी बघा.

मधल्या काळात: पदवीचं मूल्यमापन

भाषेचे वर्ग चालू असताना एक काम घरबसल्या उरकता येतं. उच्चशिक्षण आणि संशोधन खात्याच्या कचेरीकडे आपली पदवी पाठवून ती डॅनिश मोजमापात कुठे बसते याचं लेखी मत मागवता येतं. हे मोफत आहे. अर्ज ऑनलाइन होतो, पदवी आणि सर्व गुणपत्रिका स्कॅन करून जोडायच्या. आपल्याकडच्या विद्यापीठातून एखादी गुणपत्रिकेची प्रत मागवायची असेल तर ती भारतातून निघण्याआधीच घ्या. इथून कोणा नातेवाइकाला विद्यापीठाच्या खिडकीवर उभं करणं किती वेळखाऊ आहे हे वेगळं सांगायला नको.

डॉक्टर, परिचारिका यांच्यासारख्या पेशांना मात्र हे मत पुरत नाही. त्यांना रुग्णसुरक्षा खात्याकडून स्वतंत्र अधिकृत मान्यता घ्यावी लागते. तो रस्ता लांबचा आहे आणि त्यातही भाषेची अट आहे.

दुसरं दार: राहिलेले विषय

व्हीयूसी, म्हणजे मोठ्यांसाठीचं शिक्षण केंद्र. नाव ऐकून वाटतं की ही शाळा सोडलेल्यांची जागा, आपला काय संबंध? संबंध आहे. व्हीयूसीत नववी-दहावीच्या पातळीपासून ते बारावीच्या बरोबरीच्या विषयांपर्यंत एकेक विषय सुटा घेता येतो. समजा नागपूरहून आलेल्या, कॉमर्स केलेल्या एखादीला इथल्या व्यावसायिक महाविद्यालयात शिरायचं आहे आणि तिथे गणिताची किंवा इंग्रजीची ठरावीक पातळी मागितली आहे. तेवढा एकच विषय व्हीयूसीत करता येतो, पुन्हा अख्खी बारावी द्यावी लागत नाही. कोपनहेगनमधल्या केंद्राला केव्हीयूसी म्हणतात.

याच केंद्रांत आणि त्यांच्याशी जोडलेल्या संस्थांत एफव्हीयू नावाचे छोटे पायाभूत वर्ग चालतात: वाचन-लेखन, गणित, इंग्रजी आणि संगणक. ते मोफत आहेत. कंपनीने मागणी केली तर कामाच्या जागीही भरवले जातात. वाचनात अडखळणाऱ्या, म्हणजे डिस्लेक्सिया असलेल्या, प्रौढांसाठी स्वतंत्र वर्गही आहेत. आपल्याकडे ज्यांना लहानपणी 'अभ्यासात कच्चा' म्हणून सोडून दिलं गेलं, अशांना इथे पन्नाशीत पहिल्यांदा नीट चाचणी मिळू शकते.

तिसरं दार: हातातलं काम

इथे येऊन आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त संकोच या दाराशी होतो, आणि नोकरी सगळ्यात लवकर लागण्याची शक्यताही याच दारातून असते.

१९६० साली अकुशल कामगारांच्या प्रशिक्षणाचा कायदा झाला, आणि त्यातून पुढे आजची एएमयू ही व्यवस्था वाढत गेली. हे कोर्स काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतचे असतात: फोर्कलिफ्ट चालवणं, वेल्डिंग, गोदामाचं काम, स्वयंपाकघरातली स्वच्छता, साफसफाईचं तंत्र, हिशेबाची सॉफ्टवेअर, विक्री. कोर्स तंत्रशाळा, व्यापारशाळा वगैरेंत चालतात. कौशल्य कमी किंवा आयटीआयसारखं शिक्षण झालेलं असेल तर फी अगदी माफक असते. पदवीधरांना जास्त मोजावी लागते. पण यात एक पोटनियम आहे, जो आपल्या अनेक गृहिणींच्या कामाचा: मिळवलेली पदवी गेली ५ वर्षं नोकरीत वापरलीच नसेल तर ती 'जुनी झालेली' धरली जाते आणि सवलतीचा दर मिळू शकतो. नोंदणीच्या वेळी हा प्रश्न स्वतःहून विचारा. समोरचा माणूस तो आपणहून काढेलच असं नाही.

एएमयूआधी 'आधीच्या कौशल्याचं मूल्यमापन' मागता येतं. तुम्ही कागदावर जे शिकलात ते सोडून प्रत्यक्ष कामात काय येतं ते तपासतात आणि तेवढा भाग कोर्समधून वगळतात. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात आठ वर्षं सीएनसी मशीनवर काढलेल्या माणसाला याचा चांगला फायदा होऊ शकतो. त्यासाठी जुन्या मालकाचं कामाचं तपशीलवार पत्र हवं. नुसतं 'ही वॉज सिन्सिअर' लिहिलेलं नको. कुठलं मशीन, कुठलं काम, किती काळ, हे सगळं त्यात असायला हवं.

छोटे कोर्स नको, पूर्ण व्यवसाय शिकायचा आहे, तर २५ वर्षांवरच्यांसाठी व्यवसायशिक्षणाचा वेगळा मार्ग आहे. त्याला इयूव्ही म्हणतात. संबंधित कामाचा किमान २ वर्षांचा अनुभव असेल तर कोर्स छोटा होतो आणि उमेदवारीही वगळली जाते. कमी अनुभव असेल तर मधला मार्ग. काहीच नसेल तर पूर्ण. सुतार, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी, लेखापाल असे सगळे व्यवसाय यात येतात आणि उमेदवारीच्या काळात पगार मिळतो.

त्यातच सोसू शाळा येतात, म्हणजे वृद्धांची आणि आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्यांचं प्रशिक्षण. डेन्मार्कमध्ये म्हातारी माणसं वाढत आहेत आणि कोमूनना या कामासाठी माणसं मिळत नाहीत. मूलभूत भाग २० आठवड्यांचा, पुढे मदतनीस किंवा सहायक असे दोन स्तर. काम अंगमेहनतीचं आहे, आणि नगरपालिकेच्या नोकरीत पगार आणि रजा ठरलेल्या असतात. डॅनिश मात्र चांगली लागते, कारण समोरची आजी इंग्रजीत बोलणार नाही. एम.एस्सी. झालेल्या बाईने हे काम का करावं, असं घरून फोनवर विचारलं जाईल. करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण 'लोक काय म्हणतील' यावर ठरवू नका. इथे शेजाऱ्याला तुमचा हुद्दा विचारण्यात फारसा रस नसतो.

नोकरी सांभाळून वरचं शिक्षण

ज्यांची नोकरी चालू आहे त्यांच्यासाठी तीन पातळ्यांचं अर्धवेळ शिक्षण आहे: अकादमी, डिप्लोमा आणि मास्टर. प्रत्येकी साधारण ६० ईसीटीएस श्रेयांकांचं, म्हणजे पूर्णवेळ एका वर्षाएवढं, पण तुकड्यातुकड्याने करायचं. प्रत्येक तुकडा स्वतंत्र विकत घेता येतो. याला फी आहे आणि मास्टरची तर भरभक्कम. त्यामुळे पहिला प्रश्न कंपनीला विचारा: खर्च तुम्ही उचलाल का? बऱ्याच कंपन्या उचलतात. सामूहिक करारांत कौशल्यविकास निधी असतो आणि कित्येक करारांत वर्षाला दोन आठवड्यांच्या स्वतः निवडलेल्या शिक्षणाची तरतूद असते. हे हक्क तुमच्या कामगार संघटनेच्या प्रतिनिधीला तोंडपाठ असतात. आयटीत काम करणारे आपले लोक संघटनेचं नाव काढलं की बिचकतात, मुंबईचा गिरणी संप आठवतो. इथली संघटना बऱ्याच अंशी सल्लागार कचेरीसारखी चालते. बेकारी विमा निधीचे सदस्य असाल तर नोकरी गेल्यावर, शिक्षण व्यवसायशिक्षणाच्या पातळीपर्यंतचं असल्यास, सहा आठवड्यांचं नोकरीकेंद्री प्रशिक्षण मिळण्याचीही सोय आहे.

चौथं दार: परीक्षेविना शिकणं

खरी मजा इथे आहे, आणि आपल्या लोकांच्या गावीही ती नसते.

आफ्टनस्कोले, म्हणजे संध्याकाळची शाळा. मातीची भांडी, शिवणकाम, गाणं, चित्रकला, योग, इटालियन स्वयंपाक, मोटारदुरुस्ती. कायद्याने कोमून शिक्षकाच्या पगाराचा एक तृतीयांशापर्यंत भाग उचलते, त्यामुळे फी आवाक्यात राहते. पेन्शनर आणि विद्यार्थ्यांना कित्येक ठिकाणी आणखी सूट. १९२४ साली कामगार चळवळीने काढलेली एओएफ आणि तिच्यानंतर आलेली एफओएफ या देशभर पसरलेल्या संघटना. त्यांची पत्रकं ऑगस्टमध्ये येतात आणि वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होतात. लोकप्रिय वर्ग आठवडाभरात भरतात, विशेषतः चाकावरची मातीची भांडी.

भाषाशाळेत तुमच्यासारखेच परदेशी भेटतात. खऱ्या डॅनिश माणसाशी ओळख होण्याची जागा ही आहे. डॅनिश माणूस घराचं दार सहजी उघडत नाही, पण एकाच टेबलावर दहा आठवडे शिवण शिकत बसलं की तोच आपणहून बोलायला लागतो.

फोल्केयुनिव्हर्सिटेट, म्हणजे लोकविद्यापीठ, १८९८ पासून चालू आहे. विद्यापीठाचे प्राध्यापक सर्वसामान्यांना व्याख्यानं देतात. प्रवेशपरीक्षा नाही, शेवटी परीक्षाही नाही. काही व्याख्यानं इंग्रजीत असतात. आपल्याकडच्या वसंत व्याख्यानमालेची आठवण येईल, फक्त इथे तिकीट आहे आणि चहा मध्यंतरात मिळतो.

आणि होयस्कोले, म्हणजे मोठ्यांसाठीच्या निवासी लोकशाळा. पाद्री, कवी आणि विचारवंत निकोलाय ग्रुन्टव्हिग यांचं म्हणणं असं की शेतकऱ्याच्या पोराला लॅटिन घोकण्यापेक्षा बोलायला, वाद घालायला, स्वतःचा इतिहास जाणायला शिकवा. त्यातून १८४४ साली श्लेस्विगमधल्या रोडिंगला पहिली शाळा निघाली. १८६४ च्या युद्धात तो प्रदेश प्रशियाकडे गेला, तेव्हा शाळेने सीमा ओलांडली आणि १८६५ साली ती आस्कोवला उभी राहिली. पुढच्या पिढ्यांत या शाळांतून शिकून गेलेले शेतकरी सहकारी चळवळीत उतरले. १८८२ मध्ये ह्येडिंगला पहिली सहकारी डेअरी निघाली, त्यामागची हवा याच शाळांनी तयार केली असं मानलं जातं. वारणा-गोकुळच्या प्रदेशातून आलेल्यांना ही गोष्ट वेगळी समजवावी लागणार नाही.

आजही देशात अशा सत्तरहून जास्त निवासी शाळा आहेत. वय साडेसतरा पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. राहणं, जेवणं, भांडी घासणं, सकाळी सगळ्यांनी मिळून गाणं, असं सगळं एकत्र. परीक्षा नाही, गुण नाहीत. 'मग सर्टिफिकेटचा उपयोग काय?' असा प्रश्न आपल्या तोंडून आपोआप निघतो. नोकरीच्या अर्जाला त्याचा फारसा उपयोग नाही. तरीही जमलं तर उन्हाळ्यातला एक आठवड्याचा कोर्स करा. काही शाळा कुटुंबांसाठी घेतात, मुलांचा कार्यक्रम वेगळा, मोठ्यांचा वेगळा. आठवड्याला राहण्या-जेवणासकट काही हजार क्रोनर पडतात, म्हणजे हॉटेलात राहून केलेल्या सहलीच्या मानाने परवडतं. डॅनिश अजून कच्ची असेल तर हेल्सिंगोरचं इंटरनॅशनल पीपल्स कॉलेज बघा. १९२१ साली पहिल्या महायुद्धानंतर देशोदेशीच्या तरुणांनी एकत्र राहावं म्हणून ते निघालं आणि तिथलं शिक्षण इंग्रजीत होतं.

शाकाहारी असाल तर प्रवेशाच्या अर्जातच लिहा. लिहिलेलं असलं की स्वयंपाकघर सांभाळून घेतं. जेवणाच्या टेबलावर सांगितलं तर उकडलेल्या बटाट्यांवर भागवावं लागेल.

वर्षाचं वेळापत्रक

बहुतेक शाळांची सत्रं ऑगस्ट आणि जानेवारीत सुरू होतात. स्प्रोगसेंटरमध्ये नवे गट वर्षभर निघतात, तिथे सत्राची वाट बघू नका. व्हीयूसीच्या विषयांसाठी जून आणि नोव्हेंबरपर्यंत सल्लागाराशी बोलून झालेलं बरं. हे सल्लागार मोफत भेटतात. मुलाखतीला पदवीचं मूल्यमापन, भाषेचा चालू टप्पा आणि हवी ती नोकरी एका कागदावर लिहून न्या. जुलैत सगळा देश सुट्टीवर असतो आणि त्या महिन्यात पाठवलेल्या ईमेलला उत्तर ऑगस्टमध्ये येतं.

कुठलाही वर्ग मध्येच सोडायची वेळ आली, बाळंतपण, भारतात आजारपण, नवी नोकरी, काहीही असो, तर नुसतं जाणं बंद करू नका. केंद्राला लेखी कळवा आणि कळवल्याची पोच जपून ठेवा. भाषेच्या वर्गात न कळवता गैरहजर राहिलात तर अनामत जाऊ शकते आणि टप्प्याची मुदतही संपत राहते. भारतात लांब मुक्कामासाठी जाणार असाल तर जाण्याआधी केंद्राला विचारून घ्या की घड्याळ थांबवता येईल का, आणि त्यासाठी कुठला पुरावा लागेल.